चाळीस हजार डॉलरात गेम होत नसतो

जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिल टाकायची असो की चटईचं युनिट, बँकेत जाण्याआधी माणूस आमच्या ऑफिसात येतो. मी सीए नाही; सीएंच्या हाताखाली प्रोजेक्ट रिपोर्ट बनवतो. मशिनरीची कोटेशनं, शेडचा खर्च, वर्किंग कॅपिटल, पहिल्या वर्षी क्षमतेच्या किती टक्के उत्पादन धरायचं, हे सगळं मांडलं की शेवटी कर्जाचा आकडा निघतो. कागदावर तरी तसंच दिसतं. प्रत्यक्षात बऱ्याचदा आकडा आधी ठरलेला असतो, बँक किती देईल त्या अंदाजाने, आणि वरचे रकाने मागाहून त्याला जुळवून घेतात. व्हिडिओ गेमसाठी लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करणाऱ्या पानांवरही मला पुढे हेच दिसलं. तिथे समोर बँक नव्हती, माझ्यासारखे गेम खेळणारे होते.

सुरुवात २०१२ ची. किकस्टार्टर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायची वेबसाइट, २००९ पासून होतं, पण गेमवाल्यांचं लक्ष तिकडे गेलं ते फेब्रुवारी २०१२ मध्ये, टिम शेफर यांच्या डबल फाइन स्टुडिओमुळे. जुन्या धाटणीचा, माऊसने क्लिक करत खेळायचा ॲडव्हेंचर गेम बनवायचा, प्रकाशक कुणी पैसे देत नाही, तुम्ही द्या, असं त्यांनी सांगितलं. मागितले ४ लाख डॉलर. महिनाभरात जमले ३३ लाखांवर, देणारे ८७ हजारांहून जास्त. त्यातला एक मी. पंधरा डॉलर दिले की तयार झालेला गेम मिळणार होता. तेव्हाच्या भावाने साडेसातशे रुपये, वर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क. माझ्याकडे बाहेरदेशी चालणारं कार्ड नव्हतं, पुण्यातल्या चुलतभावाचं वापरलं. मोहीम संपेपर्यंत पैसे कापले जात नाहीत. ठरलेली रक्कम जमली नाही तर कापतच नाहीत. जमली, आणि ओटीपी वगैरे काही न विचारता रात्री भलत्या वेळी रक्कम गेली. सकाळी दादाचा फोन : "अरे, तू नक्की काय घेतलंयस?"

तो गेम, ब्रोकन एज, आला. पण कसा आला ते सांगण्यासारखं आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात आम्हा बॅकर्सना, म्हणजे पैसे देणाऱ्यांना, शेफर यांचं पत्र आलं : गेम ठरवल्यापेक्षा मोठा झालाय, पैसे पुरत नाहीत, म्हणून दोन भागांत काढतो, पहिला भाग विकून दुसऱ्याला पैसे उभे करतो. मागितल्याच्या आठपट मिळूनसुद्धा! पहिला भाग जानेवारी २०१४ मध्ये आला, दुसरा एप्रिल २०१५ मध्ये. नेटवर लोक भडकले. मला राग आला नाही, कारण पंधरा डॉलरात त्यांच्या कामाचा माहितीपटही मिळत होता आणि त्यात सगळं उघडं दिसत होतं : कोण कशावर अडलंय, कोणत्या खोलीत कुणाचं तोंड उतरलंय, तक्त्यावरची तारीख पुन्हा कशी सरकली. खरं सांगायचं तर गेमपेक्षा माहितीपट सरस होता. आमच्या धंद्यात अंदाजापेक्षा खर्च वाढण्याला कॉस्ट ओव्हररन म्हणतात आणि तो प्रत्येक शेडमध्ये होतो. पैसे जास्त मिळाले की काम तेवढंच राहत नाही, पैशाएवढं फुगतं.

हे बघून मी सावध व्हायला हवं होतं असं काही मित्र म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्या दोन-तीन वर्षांत खरोखर चांगलं काम बाहेर आलं. एफटीएल नावाचा छोटा अवकाशयानाचा गेम, मागितले फक्त १० हजार डॉलर, मिळाले दोन लाख, आणि २०१२ च्याच सप्टेंबरात गेम हातात. पिलर्स ऑफ इटर्निटीला जवळपास ४० लाख डॉलर मिळाले. २०१५ च्या मार्चमध्ये आला आणि दणकट निघाला. शव्हल नाइट, अंडरटेल, पुढे हॉलो नाइट, सगळे याच वाटेने आले. हे हातात पडत होते, तोवर "पैसे बुडतात" असं कुणी म्हटलं तर हसू यायचं.

मग २०१४ मध्ये एक मोहीम आली, गेमचं नाव घेत नाही. तिघांची टीम. जुन्या पद्धतीचा आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचा गेम, पावसाळी डोंगरातलं एक राज्य, मोजकेच लोक, प्रत्येक निर्णयाचा परिणाम होणार. ट्रेलरमधलं ते पावसातलं गाव मला अजून आठवतं. आमच्याकडे मे महिन्यात भुसावळचं तापमान पंचेचाळीसच्या वर असताना तो पाऊस बघणं म्हणजे काय, ते तिथल्या तिघांना कळायचं नाही. मागितले होते ४० हजार डॉलर. मी पंचवीस डॉलरचा टप्पा घेतला : गेम, आर्टबुकची पीडीएफ आणि शेवटच्या श्रेयनामावलीत नाव. गोलाणी मार्केटमधला एक दोस्त, जो माझा कॉम्प्युटर असेंबल करायचा, त्याने टीशर्टवाला मोठा टप्पा घेतला.

मोहीम चालू असताना माणूस वेगळाच होतो. दर तासाला पान उघडून आकडा बघायचा, कॉमेंटमध्ये ब्राझीलच्या, पोलंडच्या अनोळखी लोकांबरोबर आनंद करायचा. ४० हजार झाले, मग स्ट्रेच गोल सुरू, म्हणजे मागितल्याहून जास्त जमले तर द्यायच्या जादा गोष्टी. ४५ ला लिनक्स आवृत्ती. ५२ ला आणखी एक प्रदेश. ६० ला दोघांनी मिळून खेळायची सोय. शेवटी ७० च्या आसपास थांबलं. त्या आठवड्यात मी मामांकडे रावेरला गेलो होतो आणि जेवताना हे सांगून बसलो. मामा केळीवाले. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "तुले कागद देला का त्याह्यनं?"

"ई-मेल आलाय, मामा."

"ई-मेल म्हनजे कागद नाही. केयीचा व्यापारी पैसे बुडवतो, पन त्याचं घर तं मालूम राहतं आपल्याले. तुह्या मानसाचं घर कोठी हाये?"

मामी हसल्या, मी वांग्याचं भरीत अजून वाढून घेतलं आणि विषय संपवला. पण प्रश्न चोख होता. घर कुठे आहे हे सोडाच, करार कुणाशी आहे तेही बहुतेक बॅकर्सना माहीत नसतं. किकस्टार्टर स्वतःला दुकान म्हणवत नाही. पैसे देणारा आणि गेम करणारा यांच्यात करार, वेबसाइट त्यात पक्षकार नाही, असं त्यांच्या अटींत लिहिलेलं आहे. काम पूर्ण झालं नाही तर करणाऱ्याने काय करावं हेही २०१४ पासून स्पष्ट आहे : काय काम झालं, पैसे कशावर खर्चले, कुठे अडलं ते लोकांना सांगावं, आणि काही उरलं असेल तर परत द्यावं. "उरलं असेल तर" हे तीन शब्द नीट वाचा. संपलेल्या गेमकडे उरलेलं काही नसतं.

पहिलं वर्ष अपडेट्स नियमित आल्या. महिन्याला एक, चित्रांसकट. तलवारींची चित्रं, दारांची चित्रं, एकदा फक्त बुरशीचे अकरा प्रकार. दिलेली डिलिव्हरीची तारीख आली आणि गेली, त्याचं कुणाला विशेष वाटलं नाही. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचे ईथन मॉलिक यांनी किकस्टार्टरवर अभ्यास केलाय. त्यांच्या २०१४ च्या निबंधात सांगितल्या तारखेपेक्षा उशिरा देणारे ७५ टक्क्यांहून जास्त निघाले. उशीर हा नियमच. त्यांच्याच पुढच्या, २०१५ च्या पाहणीत अजिबात काही न देणारे ९ टक्के होते. सगळ्या प्रकारच्या मोहिमा धरून हे आकडे आहेत. नऊ टक्के ऐकून माणूस निर्धास्त होतो. पण जे देतात ते काय देतात, ते त्या नऊमध्ये मोजलं जात नाही.

आमच्या गेमच्या अपडेट्स मग दोन महिन्यांनी, चार महिन्यांनी येऊ लागल्या. लिहिण्याचा सूर बदलला. आधी "आम्ही" असायचं, मग एकटाच माणूस "मी" म्हणून लिहू लागला. चित्रकार निघून गेल्याचं कुणी सांगितलं नाही. फक्त चित्रं यायची थांबली. "नव्या इंजिनवर जातोय" अशी एक आनंदाची बातमी आली. गेम बनवणारा कुणीही सांगेल, अर्ध्यात इंजिन, म्हणजे गेम ज्यावर उभा असतो ते सॉफ्टवेअर, बदलणं म्हणजे भिंती झाल्यावर पाया नव्याने खणणं. त्या अपडेटखाली अभिनंदनाच्या कॉमेंट्स होत्या. मी त्या दिवशी ऑफिसात बसून, सीए साहेब बाहेर गेलेले असताना, एक्सेल उघडलं आणि त्या मोहिमेचा हिशेब मांडला. रिपोर्ट बनवणाऱ्याची खोड.

मागितलेले ४० हजार धरू. वेबसाइटचे ५ टक्के, कार्डवाल्यांचे साधारण तेवढेच किंवा थोडे कमी. काही कार्डं नापास होतात, ते पैसे येतच नाहीत. हातात ३६ हजार. टीशर्ट, पोस्टर, जगभर टपाल यात मी ६ हजार धरले. उरले ३० हजार. तिघं जण, त्यांनीच सांगितलेले दीड वर्ष. माणशी महिन्याला ५५५ डॉलर. तेव्हाच्या ६० च्या भावाने तेहतीस हजार रुपये. जळगावात त्यावर घर चाललं असतं. त्यांच्या शहरात भाडंही निघत नाही. मिळालेले ७० हजार धरून, त्यांचे वाढीव टीशर्ट वजा करून पुन्हा मांडलं, तरी माणशी हजाराच्या आतच. आणि त्या वाढीव पैशांवर आणखी एक प्रदेश, लिनक्स आणि दोघांनी खेळायची सोय, एवढं काम अंगावर घेतलेलं.

म्हणजे ४० हजारात हा गेम होणारच नव्हता, आणि हे त्या तिघांना मोहिमेच्या पहिल्या दिवशी माहीत असणार. मग इतके कमी का मागितले? कारण तिथे सगळं नाहीतर काहीच नाही. दोन लाख मागून दीड लाखावर थांबले तर शून्य. म्हणून खर्च किती येईल ते मागत नाहीत. किती जमतील ते मागतात. बाकीचे कुठूनतरी येतील : प्रकाशक, बायकोची नोकरी, आधीची पुंजी, अर्ध्या गेमची विक्री. बँकेला रिपोर्ट देताना निदान प्रवर्तकाचं मार्जिन किती, ते वेगळ्या ओळीत दाखवावं लागतं. २५ टक्के तुमचे, ७५ बँकेचे. त्या पानावर ही ओळच नसते. "जोखीम आणि आव्हानं" असा एक परिच्छेद २०१२ पासून सक्तीचा आहे, पण त्यात सगळे एकच लिहितात, आम्ही अनुभवी आहोत आणि तुम्हाला वेळोवेळी कळवू.

मोठी नावंही यातून सुटलेली नाहीत. मेगा मॅन या गाजलेल्या गेमशी नाव जोडलेले केइजी इनाफुने यांच्या मायटी नंबर ९ ने ९ लाख मागून २०१३ मध्ये ३८ लाख मिळवले. स्ट्रेच गोलमध्ये एकामागून एक कन्सोल जोडत गेले, आणि प्रत्येक कन्सोलवर ऑनलाइन खेळायची सोय चालवायची म्हणजे काय ते मग कळलं. एप्रिल २०१५ चा गेम जून २०१६ मध्ये आला आणि खूप टीका झाली. हातात धरायच्या कन्सोलवरच्या आवृत्त्या तर आल्याच नाहीत. कादंबरीकार नील स्टीफन्सन यांनी तलवारबाजीच्या गेमसाठी २०१२ मध्ये पाच लाखांवर डॉलर जमवले, २०१४ मध्ये काम थांबल्याचं जाहीर केलं. यात चोर कुणी नाही, आणि तीच अडचण आहे. चोर असता तर पोलिसात गेलो असतो.

स्टार सिटिझन या अवकाशयानांच्या गेमचं मी वेगळं धरतो. २०१२ ला सुरू, २०१४ ला येणार होता, अजून पूर्ण झालेला नाही, आणि लोकांनी दिलेली रक्कम ७० कोटी डॉलरच्या पुढे गेलीय. तिथे लोक गेमसाठी थांबलेलेच नाहीत. शेकडो डॉलरची यानं विकत घेतायत आणि अर्धवट गेममध्ये फिरवतायत. ज्याला हौस आहे त्याने करावं. माझ्या पगारात बसत नाही.

आमच्या गेमचं पुढे काय झालं ते लवकर सांगतो. २०१६ मध्ये तो स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, "अर्ली ॲक्सेस" म्हणून आला, म्हणजे अपूर्ण पण विकायला. आम्हाला कोड मिळाला, म्हणजे कागदोपत्री डिलिव्हरी झाली. तोवर स्टीमने भारतात रुपयांत किंमती लावल्या होत्या आणि दिवाळीच्या आसपासच्या सेलमध्ये तोच गेम मी दिल्याच्या निम्म्याहून कमी किंमतीत कुणालाही मिळत होता. डाउनलोड करायला बीएसएनएलच्या लाइनवर दोन रात्री गेल्या, मध्ये वीज गेली ती वेगळी. ते पावसातलं गाव होतं. पाऊसही होता. गावात शिरल्यावर डावीकडच्या गल्लीत गेलं की जमीन संपायची आणि आपण खाली पडत राहायचो. पहिल्या प्रदेशाच्या टोकाला फाटक, त्यावर "लवकरच". नंतर एक अपडेट आली, त्यानंतर नाही. श्रेयनामावली बनलीच नाही, त्यामुळे माझं नाव कुठे लागायचा प्रश्नच आला नाही.

गोलाणीतल्या दोस्ताचा टीशर्ट मात्र आला! गेमच्या आधी. कस्टमवाल्यांनी ड्यूटी लावली होती, ती पोस्टमनच्या हातावर ठेवून त्याने तो सोडवला. दुकानात आजही कधी घालतो. मूळचा धुळ्याकडचा असल्याने त्याचे वडील अहिराणीत विचारायचे, "उना का रे तुना गेम?" आणि तो छातीवरचं चित्र दाखवायचा.

पैसे परत मागायचा प्रयत्न आम्ही केला, हसू नका. कार्डवर तक्रार करून रक्कम उलटी करून घेण्याची मुदत महिन्यांत मोजतात. गेमची तारीखच वर्षापुढची, त्यामुळे फसवणूक झाल्याचं कळेपर्यंत ती मुदत कधीच उलटलेली असते. टीमला ई-मेल केला, उत्तर आलं नाही. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर दीड हजार रुपयांसाठी दुसऱ्या खंडातल्या, आता बहुधा दुसरीकडे नोकरी करणाऱ्या माणसाला नोटीस कशी बजावणार? साहेबांना गंमत म्हणून विचारलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि जीएसटीच्या फायली पुढे सरकवल्या.

त्यानंतर मी थांबलो असं नाही. बघायची पद्धत बदलली. ट्रेलर शेवटी बघतो, आधी आकडा आणि माणसं. आज खेळता येईल असा डेमो आहे का. एफटीएल इतक्या लवकर आला कारण पैसे मागायच्या आधीच तो बराचसा तयार होता. बाकीचे पैसे कुठून येणार ते कुठे लिहिलंय का. स्ट्रेच गोलमध्ये नवीन काम जोडतायत की आहे तेच नीट करायला वेळ विकत घेतायत. आणि आधी काही पूर्ण केलंय का. मोठ्या कंपनीत नोकरी केली म्हणजे पूर्ण केलं असं होत नाही. शेवटी कुठल्या दुकानात गेम मिळणार हेही आता बघावं लागतं, कारण ते मधेच बदलू शकतं. शेनमू ३ ला २०१५ मध्ये ६३ लाख डॉलर मिळाले. २०१९ मध्ये गेम यायच्या तोंडावर कळलं की पीसीवर तो वर्षभर फक्त एपिकच्या दुकानात असणार. स्टीमच्या भरवशावर पैसे दिलेल्यांनी आरडाओरडा केला तेव्हा परताव्याची सोय झाली.

एक मोहीम मात्र मी आकडा बघून मुद्दाम निवडली. २०१७ मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने राजी : ॲन एन्शन्ट एपिक या गेमसाठी किकस्टार्टरवर पैसे मागितले. मागणी लाखभराहून अधिक पौंडांची. इतके मोठे आकडे ओळखीचं नाव नसताना कुणी मागत नाही, म्हणजे यांनी खर्च प्रामाणिकपणे मांडलाय असं मला वाटलं. प्लेज केलं, म्हणजे पैसे द्यायचं कबूल केलं. मोहीम पडली. रक्कम जमली नाही, माझ्या कार्डावरून एक रुपया गेला नाही. तरी त्यांनी पुढे प्रकाशक गाठला आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी निन्टेन्डो स्विचवर, मग दोन महिन्यांनी पीसीवर आला. लॉकडाऊनमध्ये मी तो विकत घेऊन खेळलो. काही मारामाऱ्या जरा एकसुरी आहेत, पण भिंतींवरची चित्रं आणि ती राजवाड्याची बांधणी बघत थांबावंसं वाटतं. ४० हजार मागून ७० मिळवलेला गेम जमिनीतून खाली पडला, आणि खरा आकडा मागून नापास झालेला गेम माझ्या लायब्ररीत आहे.

आता भाचा बारावी झालाय, त्याला या सगळ्याचा नाद लागलाय. गेल्या महिन्यात त्याने एक पान पाठवलं : दोघांची टीम, पिक्सेल आर्ट, मागणी २५ हजार डॉलर. त्याचं प्लेज आधी लागलंच नाही. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात, ते ॲपमध्ये जाऊन चालू करावे लागतात. ते करून द्या म्हणून तो मागे लागलाय. मी म्हटलं, करून देतो, पण आधी त्या २५ हजारांचा हिशेब एका कागदावर मांडून आण : वेबसाइटचे किती, टपालाचे किती, दोघांना महिन्याला किती, आणि बाकीचे कोण देणार. मोहीम संपायला अजून आठवडा आहे. त्याने डेमो खेळून बघितलाय, चांगला आहे म्हणतो. कागद अजून आलेला नाही.